दारची जास्वंद आणि शिवारातील कपाशी

कपाशीवर पिठ्या ढेकूण दिसू लागला की गावोगावी एक सल्ला हमखास ऐकू येतो. घराजवळची जास्वंद तोडून टाका, कीड तेथूनच येते, असा तो सल्ला होय. सल्ला देणारा बहुधा प्रामाणिक असतो व त्याच्या म्हणण्यात सत्याचा काही अंशही असतो. हा सल्ला मी स्वतः दिलेला आहे, तो अमलात आलेला पाहिला आहे आणि त्याचा परिणामही पाहिला आहे. म्हणूनच त्याविरुद्ध चार शब्द लिहिण्याचा अधिकार आपणांस आहे असे मी समजतो.

प्रथम सत्याचा अंश मान्य करू. जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडी ही एकाच कुळातील भावंडे आहेत. कपाशीचे फूल व जास्वंदीचे फूल शेजारी ठेवून पाहावे म्हणजे हे नाते सांगावे लागत नाही. पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांची एकत्र झालेली नळी आणि तिच्यातून वर डोकावणारा स्त्रीकेसर, अशी दोहोंची ठेवण आहे. नाते आले की दुखणीही सामायिक होतात. मावा, पांढरी माशी, लाल ढेकूण आणि पिठ्या ढेकूण या किडींना या सर्व झाडांचा रस गोड लागतो. कपाशी हंगामी पीक आहे. जास्वंद मात्र बारमाही हिरवी असते, ऐन वैशाखातही तिला पालवी व कळ्या असतात. तेव्हा शेतात काही उरले नसता किडीला दारात आसरा मिळतो, हे म्हणणे तर्काला धरून आहे. प्रश्न एवढाच की, तो आसरा केवळ जास्वंदच देते काय?

सन २००६ च्या सुमारास गुजरात, पंजाब व महाराष्ट्रातील कपाशीवर पिठ्या ढेकणाची एक नवी परदेशी जात मोठ्या प्रमाणावर आढळून आली. मूळ अमेरिका खंडातील ही कीड पांढऱ्या मेणचट पुडीने माखलेली असते व तिच्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. झाडाच्या शेंड्यापासून खोडापर्यंत तिचे थर बसत. पाने चिकट होत, त्यांवर काळी बुरशी चढे आणि झाड वाळू लागे. शेतकरी हवालदिल झाले होते. त्या काळी मी कापूस पट्ट्यातील एका तालुक्यात विस्ताराचे काम पाहत असे. २००७ साली एका गावच्या सभेत मी मोठ्या आवेशाने सांगितले की, येत्या आठ दिवसांत गावातील एकही जास्वंद उभी राहता कामा नये. सभेच्या कडेला बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “साहेब, कीड जास्वंदीवरून कपाशीत गेली की कपाशीतून जास्वंदीवर आली, हे तुम्ही पाहिलं का?” मी पाहिले नव्हते. तरीही मी उत्तर दिले, आणि ते बरेच लांबलचक होते.

गावाने माझे ऐकले. घराघरांतील जुन्या, छातीइतक्या उंच झालेल्या जास्वंदी मुळासकट निघाल्या. त्या बाईंनी मात्र आपली एक जास्वंद ठेवली. मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आलो, पण त्या बधल्या नाहीत. पुढील हंगामात पिठ्या ढेकूण पुन्हा आला. आदल्या वर्षापेक्षा तो कमी नव्हता. या वेळी मात्र मी सभा घेण्याऐवजी गावातून पायी हिंडलो, आणि जे आधीच पाहावयास पाहिजे होते ते तेव्हा पाहिले. प्रत्येक घराच्या मागे पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता. चुलीचे सरपण म्हणून तो वर्षभर तसाच राहतो. त्या ढिगांतील वाळक्या बोंडांच्या बेचक्यांत व सालीच्या भेगांत किडीची अंडी व पिल्ले सुखाने नांदत होती. बांधावर, नाल्याच्या काठी आणि शाळेच्या आवारात गाजरगवत कमरेइतके वाढले होते आणि त्याच्या शेंड्यांवर पांढरे थर होते. पेटारीच्या रोपांवर तेच, रानभेंडीवर तेच. आम्ही तोडली होती ती फक्त जास्वंद, कारण ती डोळ्यांपुढे होती आणि तोडावयास सोपी होती.

पऱ्हाट्या घरामागे रचू नका असे सांगणे विस्तार कार्यकर्त्यास जड जाते, कारण सरपणाचा प्रश्न खरा आहे. गाजरगवत काढा म्हणावे तर ते कोणाच्याच मालकीचे नसते. जास्वंद मात्र बहुधा बाईमाणसाने लावलेली असते व तिच्या बाजूने सभेत बोलावयास कोणी उभे राहत नाही. आपल्या सल्ल्यांपैकी किती सल्ले अशा सोयीपोटी जन्मास येतात, याचा विचार माझ्या व्यवसायबंधूंनी एकदा करून पाहावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. बाईंच्या त्या उरलेल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होताच. परंतु जवळ जाऊन पाहिले तेव्हा पांढऱ्या पुंजक्यांमध्ये तांबूस-तपकिरी रंगाचे, कडक, फुगीर दाणे दिसले. नखाने दाबले असता ते पोकळ लागत आणि पुष्कळांना एका बाजूस टाचणीने पाडावे तसे गोल छिद्र होते. ते मेलेले पिठ्या ढेकूण होते. एक अतिशय लहान गांधीलमाशी या ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, तिची अळी त्यास आतून खाते आणि पूर्ण वाढ झाल्यावर छिद्र पाडून बाहेर पडते. एनासियस या नावाने ती ओळखली जाते. तिच्या या जातीचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. तिला आपल्याकडे कोणी मुद्दाम आणले नव्हते. किडीच्या मागोमाग ती आपली आपण पसरली, आणि पुढील काही वर्षांत कपाशीवरील या ढेकणाचा जोर ओसरला त्यात तिचा वाटा मोठा आहे.

अशा मित्रकीटकांना बारा महिने काहीतरी खाद्य लागते. हंगाम संपला, शेत मोकळे झाले, की त्यांनी कोठे जावे? ज्या झाडावर थोडीशी कीड टिकून असते आणि ज्यावर विषारी फवारा पडत नाही, असे झाड त्यांचे माहेर ठरते. घरची जास्वंद नेमकी अशी असते. तिच्यावरील किडीकडे आपण शत्रूची छावणी म्हणून पाहतो. मी ती आपल्या पहारेकऱ्यांची चौकीही मानतो. अर्थात चौकीवर लक्ष ठेवणारे माणूस पाहिजे. दुर्लक्षित, वर्षानुवर्षे न छाटलेली, मुंग्यांनी भरलेली जास्वंद कपाशीच्या बांधालगत असेल तर ती धोक्याची आहे, हे मी आजही म्हणतो.

पपईचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. २००८ साली पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथम कोइमतूर येथे आढळला. तेथून तो केरळ, कर्नाटक व महाराष्ट्रात पसरला. पपई, तुती, साबुदाण्याचा कंद आणि जास्वंद, काहीच त्याने सोडले नाही. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, खर्च वाढला, कीड हटली नाही. शेवटी २०१० साली बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेमार्फत पोर्तो रिको बेटावरून या किडीचे परोपजीवी कीटक आणले गेले व बागांतून सोडण्यात आले. त्यांपैकी एक जात इतकी चांगली रुजली की, वर्षा-दोन वर्षांत ही कीड आटोक्यात आली. जेथे रोज विष फवारले जात होते तेथे मात्र हे इवले परोपजीवी टिकाव धरू शकत नव्हते.

मित्रकीटक ओळखण्यात चूक कशी होते, तेही सांगावयास हवे. द्राक्षबागांतून पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा सोडतात. आकाराने तो मसुरीच्या दाण्याएवढा असून पाठ काळसर व डोके नारिंगी असते. याची अळी पांढऱ्या मेणाच्या लांब झिरमिळ्यांनी झाकलेली असते आणि प्रथमदर्शनी ती मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. पुष्कळ बागाईतदार व कार्यकर्तेही तिला हाताने चिरडतात. लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. ही अळी त्याहून मोठी असते व डिवचताच चपळाईने चालू लागते. जास्वंदीवर ती दिसल्यास तिला हात लावू नये.

आता फवाऱ्याविषयी. कपाशीवरून उरलेले औषध जाता जाता दारच्या जास्वंदीवर मारण्याची रीत मी अनेक गावांत पाहिली आहे. ‘औषध वाया जाऊ नये’ हा त्यामागील हिशेब. परंतु त्या झाडाची फुले दुसऱ्या दिवशी सकाळी घरातील मूल खुडते, ती देवाला वाहिली जातात, तेलात उकळून केसांना लावली जातात, काही घरी त्यांचे सरबतही होते. मधासाठी शिंजीर पक्षी दिवसातून दहा वेळा त्या फुलांत चोच घालतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. शेतात, मोकळ्या वाऱ्यावर जे औषध माणसाच्या जिवावर उठते ते उंबऱ्यापासून चार हातांवर फवारणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय ज्या पंपाने तणनाशक मारले तोच पंप नीट न धुता वापरल्यास दुसरेच संकट ओढवते. २,४-डी या तणनाशकाचा अल्पसा अंशही कपाशी व जास्वंद यांना सोसत नाही. पाने अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखी फाटलेली निघतात. लोक त्यास रोग समजतात आणि त्यावर आणखी एक फवारा मारतात.

जास्वंदीला अशा औषधाची गरज बहुधा पडतच नाही. आठवड्यातून एकदा झाडाभोवती फिरून शेंडे, पानांच्या बेचक्या आणि कळ्यांचे देठ पाहावेत. एखादा शेंडा आखडून त्याची पाने गुच्छासारखी झाली असतील तर तो दुसऱ्या एका, गुलाबी रंगाच्या पिठ्या ढेकणाचा प्रताप समजावा. चिरडला असता यातून गुलाबी रस निघतो. आपल्याकडील द्राक्षबागांना छळणारी जात ती हीच. असा शेंडा सरळ कापून, पिशवीत घालून, जाळून किंवा खोल पुरून टाकावा. कापलेला शेंडा कुंपणापलीकडे भिरकावणे म्हणजे कीड शेजाऱ्याच्या शेतात पोहोचती करणे होय. इतरत्र तुरळक कीड असल्यास पाण्याची जोरदार धार पुरते. त्याने न भागल्यास निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, त्यात चिमूटभर साध्या साबणाचा चुरा मिसळावा म्हणजे तो मेणचट पुडीवर नीट बसतो. फवारा सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूने द्यावा. वर सांगितलेले तांबूस दाणे बहुसंख्येने दिसत असतील तर मात्र काहीही न करणे हेच उत्तम.

मुंग्यांकडे विशेष लक्ष पाहिजे. पिठ्या ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याला गुरांसारखे पाळतात, त्याची पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेतात आणि मित्रकीटकांना हुसकून लावतात. बुंध्याजवळील त्यांचे वारूळ मोडावे, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढाव्यात व खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तीवर चिकट वंगण लावावे. मुंग्यांची वाट तुटली की निम्मे काम झाले.

हे सारे करूनही झाड रोडावलेले असेल तर त्याची कारणे कीटकांत न शोधता जमिनीत शोधावीत. मोरीचे पाणी जास्वंदीला सोडण्याची आपली पद्धत चांगली आहे. परंतु पूर्वीचे मोरीचे पाणी आणि आजचे, यांत फरक पडला आहे. धुण्याच्या पावडरीचे व सोड्याचे पाणी रोज एकाच आळ्यात मुरले तर जमीन चोपण होते, पाणी वर साचते, मुळे गुदमरतात आणि कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. कपडे धुतल्याचे पाणी दुसरीकडे वळवावे. अंघोळीचे पाणी चालते. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणखी एक अडचण येते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा केवडा लोहाच्या कमतरतेमुळे होतो. लोह जमिनीत असते, पण चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस मिसळून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पानांवर फवारावे आणि आळ्यात शेणखत वाढवावे. फुले कमी येतात म्हणून दाणेदार मिश्रखत मुठीमुठीने घालणारे पुष्कळ आहेत. जास्वंदीला जादा स्फुरद मानवत नाही. त्याने उलट हा केवडा वाढतो. वर्षास दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि हंगामात थोडीशी पेंड, एवढ्यावर ती संतुष्ट असते. ऊन मात्र तिला भरपूर हवे. भिंतीच्या उत्तरेस, सावलीत लावलेली जास्वंद पानांनी डवरते, फुलांना महाग होते.

छाटणीबाबत आमच्या लोकांचा हात एक तर चालतच नाही, किंवा चालला तर थांबत नाही. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर, म्हणून न छाटलेले झाड उंच जाते व फुले हाताला लागत नाहीत. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, एकतृतीयांश फांद्या कमी कराव्यात. तेव्हा छाटले म्हणजे सुमारे तीन महिन्यांनी, भाद्रपदात गणपतीच्या वेळी, झाड भरात येते. श्रावणात छाटणी करून बसलेल्या मंडळींना गणेशोत्सवात शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाहावे लागते. शहराजवळच्या गावी तर या हिशेबास रोकड मोल आहे. टपोऱ्या कळ्या सायंकाळी खुडून थंड जागी ठेवल्या तर त्या सकाळी पाण्याशिवायही उमलतात व बाजारात विकल्या जातात. फूल झाडावर असो की टोपलीत, त्याचे आयुष्य एका दिवसाचेच असते.

छाटलेल्या निरोगी फांद्यांचे मोल त्याहून अधिक आहे. आपल्याकडील तांबडी एकेरी जास्वंद बी क्वचितच धरते. गावात जी जास्वंद आहे ती कोणाच्या तरी माहेराहून, कोणाच्या तरी परसातून फाट्याच्या रूपाने आलेली असते. एखादी जुनी, उन्हापावसाला सरावलेली जास्वंद मुळासकट काढली की ती जात त्या गावापुरती संपली. रोपवाटिकेतून आणलेल्या दुहेरी, रंगीबेरंगी जाती दिसावयास देखण्या असतात, परंतु त्यांपैकी पुष्कळ फाट्याने नीट लागत नाहीत, त्यांना गुटी कलम किंवा भेट कलम करावे लागते, आणि दुष्काळी वर्षात त्या आधी मान टाकतात. म्हणून जुन्या झाडाचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे फाटे जूनमध्ये घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली तिरपा घ्यावा, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढावीत. माती, वाळू व शेणखत समभाग घेऊन भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील असे ते खोचावेत व सावलीत ठेवावेत. साधारण सहा आठवड्यांत मुळे धरतात. फाटे घेण्यापूर्वी झाडावर कीड नाही याची खात्री करून घ्यावी, नाहीतर रोपाबरोबर ढेकूणही घरोघर वाटला जाईल. कायम लागवड करताना दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर ठेवावे आणि जागा शक्यतो घराच्या दर्शनी बाजूस निवडावी. कपाशीच्या बांधालगत किंवा परसातील पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी जास्वंद लावू नये, कारण तेथे तिच्याकडे रोज कोणाचे लक्ष जात नाही.

त्या गावी मी पुढे तीन वर्षे जात होतो. पऱ्हाट्यांचे ढीग घरामागून हलवून गावाबाहेरच्या पडीक जागेत नेण्यास काही घरे कबूल झाली, सगळी नव्हे. गाजरगवत पावसाळ्याच्या सुरुवातीस, फुलावर येण्यापूर्वी, उपटण्याचे काम शाळेच्या मुलांनी एक वर्ष केले व नंतर ते मागे पडले. जास्वंदी मात्र परत आल्या. त्या बाईंनी आपल्या झाडाचे फाटे पावसाळ्यात पिशव्यांतून तयार केले आणि ज्यांनी माझ्या सांगण्यावरून आपले झाड तोडले होते त्यांच्या घरी ते पोहोचवले. एक पिशवी त्यांनी माझ्याही हाती दिली. “आठवड्यातून एकदा शेंडे बघत जा, साहेब,” एवढेच त्या म्हणाल्या.